पडसाद किती, घुमारा किती

सकाळी 6

कार्यक्रम संध्याकाळचा असला तरी दिवस कोरड्या गिटारवरच सुरू करायचा, हा माझा नेम. गिटार मांडीवर आडवी, उजव्या हाताला तीन नख्या, डाव्या हातात पोलादी बार आणि मोबाइलवर तंबोरा. पडसाद देणारा डिले नाही, घुमारा देणारा रिव्हर्ब नाही. स्टील गिटारला पडदे नसतात. पट्टीवरच्या रेघा नुसत्या डोळ्यांच्या सोयीसाठी, सूर तिथे असतो जिथे बार टेकतो. केसभर इकडे तिकडे झालं की बेसूर. तासभर फक्त सा ते प अशी मींड घेत बसते. घुमारा चूक झाकतो आणि पडसाद तीच चूक परत परत ऐकवतो, म्हणून आधी दोन्हींशिवाय.

1889च्या सुमारास हवाई बेटांवर जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने तारेवरून पोलाद सरकवून बघितलं, तिथून या वाद्याची कथा सांगतात. आपल्याकडे ते रुजलं ते मींडेमुळेच. लखनौहून मुंबईत आलेल्या व्हॅन शिप्ले यांनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर हिंदी चित्रगीतं वाजवली, त्यांच्या तबकड्या घरोघरी पोचल्या. आमच्या घरीही एक होती. सूर गळ्यासारखा वळतो, पण शब्द नाहीत, हे मला लहानपणी पहिल्यांदा तिच्यात कळलं. आज चाळिशी उलटल्यावर मी जे वाजवते ते त्याच ओढीपायी.

सकाळी 9

एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला आजच्या गाण्यांची यादी. बारा गाणी, शेवटी भैरवी. प्रत्येकापुढे ताल आणि लय लिहिते. मग डिलेसाठी भागाकार: 60,000 भागिले मिनिटातल्या मात्रा, म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. लय 80 असेल तर मात्रा 750ची. केरव्यात मी बहुधा अर्धी मात्रा ठेवते, 375. पाऊण मात्रा, म्हणजे 562, जास्त झुलते, पण सोबत ढोलक भरगच्च असेल तर गिचमिड होते. दादऱ्यात पूर्ण मात्रा. संथ भावगीतात मात्र गणित बाजूला. तिथे पडसाद ठेक्यात बसला की यांत्रिक वाटतो, म्हणून तो मुद्दाम मात्रेच्या किंचित मागे ठेवते, कानाने.

बटणांवर माझ्या खुणा नेलपॉलिशच्या आहेत. लाल ठिपका केरवा, पांढरा दादरा. रंगमंचाच्या अर्ध्या उजेडात आकडे दिसत नाहीत, ठिपके दिसतात.

सकाळी 11

माझ्याकडे शिकणारा एक मुलगा आला. पहिल्या पगारातून डिलेचं पेडल घ्यायचंय. "ताई, अ‍ॅनालॉग घेऊ की डिजिटल?"

दोन्ही समोर ठेवली. एकच सूर छेडायला लावला. डिजिटलचा पडसाद जसाच्या तसा परत येतो, जणू शेजारी दुसरा वादक बसलाय. अ‍ॅनालॉगचा दर फेरीला थोडा मळतो, वरची चकाकी जाते, आणि तो आपोआप मागच्या रांगेत जाऊन बसतो. त्याच्या आतली युक्ती फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनी 1969मध्ये शोधली. आग विझवायला माणसं ओळीने उभी राहून बादल्या पुढे देतात ना, तसा सूर चिपच्या एका खणातून दुसऱ्यात ओतला जातो. हातोहात थोडं सांडतं. ते सांडणंच स्टीलला मानवतं, कारण मूळ सूर पुढे उभा राहतो.

पण अडचण दाखवली तीही खरी. 1981च्या बॉस डीएम-2ची धाव 300 मिलिसेकंदांपर्यंतच. वरच्या हिशेबातली 375ची अर्धी मात्राही त्यात मावत नाही. त्यानंतर आलेल्या डीडी-2 या डिजिटल पेडलची धाव 800पर्यंत गेली. म्हणून माझं मत असं, की पहिलं पेडल डिजिटल घ्यावं, पण पडसादाची चमक कमी करणारं टोनचं बटण असलेलं. सूर थरथरवणारी मॉड्युलेशनची सोय असली तर ती शून्यावर. थरथर बारने द्यायची. यंत्राने दिलेली थरथर मींडेवर बसली की सूर कुठला आणि डळमळ कुठली, ते कळेनासं होतं.

"आणि दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा," म्हटलं. "तिथली साधी गिटार वाजवून बघितलीस तर फसशील. एक लांब मींड घे आणि थांब. विझताना पडसाद कसा वाटतो, ते ऐकून ठरव."

दुपारी 3:30

रिक्षा, लोकल, परत रिक्षा. उन्हात अ‍ॅम्प उचलून दुसरा मजला. सभागृह मी नाव न घेता सांगते, कारण तिथला विजेचा प्रश्न जुना आहे. जोडणी अशी करते: गिटार, मग पायाचं व्हॉल्यूम पेडल, मग डिले, मग रिव्हर्ब, मग अ‍ॅम्प. व्हॉल्यूम पेडल आधी, हे महत्त्वाचं. छेडताना पाय थोडा मागे, सूर विझायला लागला की हळूहळू पुढे. नखीचा टणत्कार लपतो, सूर लांबतो. पाय पूर्ण मागे घेतला तरी आधी आत गेलेला सूर पडसादात, घुमाऱ्यात तरंगत राहतो. तेच पेडल शेवटी लावलं तर पाय उचलताच सगळं एकदम कापलं जातं, दार आपटल्यासारखं. सुरुवातीची दोन वर्षं मी तसंच वाजवलं. कुणी सांगितलंच नाही.

अ‍ॅम्प चालू केला आणि शिट्टीसारखा बारीक आवाज. दोन्ही पेडलं एकाच अ‍ॅडॉप्टरच्या फाटे फुटलेल्या वायरवर होती, घाईत मीच लावलेली. डिजिटल पेडलच्या आतल्या घड्याळाची कुरकुर त्याच वायरीतून दुसऱ्यात शिरते. पिशवीतला वेगवेगळ्या कप्प्यांचा सप्लाय काढला, प्रत्येकाला स्वतंत्र 9 व्होल्ट. शिट्टी गेली. घुंघुं उरली, ती माझ्या पिकअपची. दिव्यांच्या डिमरकडे गिटारचं तोंड होतं. खुर्ची थोडी फिरवली, घुंघुं अर्ध्यावर आली. उरलेली तबला सुरू झाला की ऐकू येत नाही.

संध्याकाळी 5

साउंड चेक. मिक्सरवर पोरगेलासा मुलगा. त्याच्याजवळ जाऊनच सांगितलं, "दादा, माझ्या चॅनेलला तुझ्याकडून रिव्हर्ब नको, मी इथूनच देतेय." तो म्हणाला, "ताई, सगळ्यांना थोडा टाकतो, गोड वाटतं." गायकांना वाटतंच. माझा मात्र घुमाऱ्यावर घुमारा होतो. त्याला एक मींड दोन्ही तऱ्हांनी ऐकवली. दुसऱ्यांदा त्याने स्वतःहून बटण खाली घेतलं आणि हसला.

मग माझं काम. रिव्हर्बचा प्री-डिले 30 मिलिसेकंद. सूर आधी स्वच्छ ऐकू येतो, घुमारा मागून निघतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 30 मिलिसेकंदांत दहा मीटर. पाच मीटरवरच्या भिंतीवर आपटून परत यावा एवढा अवकाश. घुमाऱ्यातला खर्ज छाटते, नाहीतर खालच्या तारा बेस गिटारमध्ये कालवल्या जातात. डिलेचे पडसाद दोन, फार तर तीन, आणि आवाज इतकाच की चालू असताना लक्षात येऊ नये, बंद केला की काहीतरी गेल्यासारखं वाटावं.

रिव्हर्बचं बटण घड्याळातल्या नऊवर. सभागृह रिकामं असताना भिंती आणि खुर्च्या स्वतःच घुमतात. माणसं येऊन बसली की कपडे आणि अंगं तो घुमारा पिऊन टाकतात. म्हणून दहावर दुसरा ठिपका आधीच लावून ठेवते.

संध्याकाळी 7:30

सभागृह भरलं. पहिल्याच गाण्याच्या मुखड्यात सूर कोरडा वाटला. दोन कडव्यांच्या मधल्या तुकड्यात डावा हात मोकळा झाला, तेवढ्यात बटण दहावर. त्यानंतर सगळं जागेवर बसलं.

सहाव्या गाण्यात, दादऱ्यात, पांढरा ठिपका अगदी बरोबर निघाला. पंचमावरून वरच्या षड्जाकडे जाणारी मींड, आणि मी सा वर पोचते तोवर मागून पंचम परत येतो. सा आणि प एकत्र, कुणी तंबोरा मिळवून ठेवलाय तसे. अशा वेळी पेडल मला साथीदार वाटतं, आणि ते तसं वाटावं यासाठीच सकाळचा भागाकार असतो.

रात्री 10

भैरवी. सुरू करण्याआधी डिले पायाने बंद केला. कोमल रिषभावरून षड्जावर उतरायचं आहे, दोन सुरांत अंतर एकाच रेघेचं. पडसाद चालू राहिला तर मी सा वर आले तरी मागून रे येत राहील, आणि दोन्ही एकमेकांना घासतील. उतरण्यातली सगळी शांती तिथे जाते. इथे फक्त घुमारा, तोही जरा लांब.

बार अगदी हळू मागे ओढला. रे सुटला, सा लागला. पाय मागे घेतला, तारांवर तळहात ठेवला. गिटार गप्प झाली तरी सा सभागृहात तीनेक सेकंद राहिला. तबलेवाले काका हात वर धरून थांबले होते, तो पुरता विझल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

रात्री 12:15

घरी. बार सुती फडक्याने पुसला, बोटांचा घाम राहिला तर त्यावर डाग पडतात. रिव्हर्बच्या बटणावरचा दहाचा ठिपका पिशवीत घासून निम्मा उडालाय. नेलपॉलिशची बाटली काढून तो पुन्हा लावला, आणि वाळेपर्यंत पेडल खिडकीत ठेवलं.