आयटीचं सर्टिफिकेट घरी बसून : आधी शिका, परीक्षेची फी शेवटी भरा

मेहकर (प्रतिनिधी) : निकाल लागले की तालुक्याच्या बसस्टँडवर क्लासचे फ्लेक्स लागतात. ‘आयटीत नोकरी, शंभर टक्के गॅरंटी.’ फी एकदम जमत नसेल तर फायनान्स कंपनीचा माणूस तिथंच बसलेला असतो. सही बापाची, हप्ता बापाचा. पुढे पोरानं क्लास मधेच सोडला किंवा क्लासनंच गाशा गुंडाळला तरी हप्ता काही थांबत नाही. तो थकला, सिबिल खराब झाला, की पीककर्जाच्या वेळी बँकेत तोच विषय निघतो. म्हणून हा लेख पोरांइतकाच आईबापांसाठीही आहे.

टेक्निकल सपोर्ट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. कंपनीत, दवाखान्यात, बँकेत शेकडो कॉम्प्युटर असतात. कुणाचा पासवर्ड लॉक होतो, कुणाचा प्रिंटर कागद ओढत नाही, कुणाचं नेट जातं. तो माणूस तक्रार नोंदवतो, तिला ‘तिकीट’ म्हणतात. ते तिकीट पहिल्यांदा ज्याच्याकडे येतं तो हेल्पडेस्कवाला, म्हणजे एल-वन सपोर्ट. जागेवर जाऊन काम करतो तो डेस्कटॉप सपोर्ट किंवा फिल्ड इंजिनिअर. या कामात प्रोग्रामिंग लागत नाही. बऱ्याच ठिकाणी पदवी बघतात हे खरं आहे, पण बारावी किंवा आयटीआयवाल्याला फिल्डच्या कामातून शिरायला जागा असते. एमएस-सीआयटी झालंय म्हणजे हे काम येतं असं मात्र समजू नका. तो कोर्स कॉम्प्युटर वापरायला शिकवतो, दुरुस्त करायला नाही.

या कामासाठी जगभर ओळखलं जाणारं पहिलं सर्टिफिकेट म्हणजे कॉम्पटिया ए प्लस. त्याचे दोन पेपर असतात आणि दोन्हींची फी वेगळी. प्रत्येक पेपर ९० मिनिटांचा, जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुण १०० ते ९०० मध्ये मोजतात. पहिल्याला ६७५ आणि दुसऱ्याला ७०० लागतात. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण करावं लागतं. सध्याच्या पेपरचे नंबर २२०-१२०१ आणि २२०-१२०२ आहेत. जुने ११०१ आणि ११०२ हे २५ सप्टेंबर २०२५ ला बंद झाले. जुन्या बाजारात स्वस्तात पुस्तक मिळालं तर आधी कव्हरवरचा नंबर बघा. पेपर मराठीत नाही, इंग्रजीतच द्यावा लागतो.

फुकटात काय मिळतं

ए प्लसचा सगळा अभ्यासक्रम प्रोफेसर मेसर या नावानं यूट्यूबवर फुकट आहे. इंग्रजी सोपं आहे आणि व्हिडिओ छोटे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारखे विषय मराठी आवाजातही आहेत. नेटवर्किंगसाठी सिस्को कंपनीचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत खातं काढून मिळतं. त्यात राउटर, स्विच, केबल सगळं पडद्यावर जोडून बघता येतं, खरं यंत्र विकत घ्यायची गरज नाही. गावात दिवसा टॉवर दम देत नसेल तर रात्री डाउनलोड करून ठेवा.

पण नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही. घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत पडलेला एक जुना कॉम्प्युटर मिळवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बाजूला पडलेली यंत्रं आता सहज मिळतात. रॅम काढा, परत बसवा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला. विंडोज टाका, पुसा, लिनक्स टाका. बिघडलं तर बिघडलं, त्यात कुणाचा महत्त्वाचा डाटा नाही एवढं आधी बघा.

मोटर आणि कॉम्प्युटर

आता मुख्य गोष्ट, जी क्लासवाले पटकन उरकून टाकतात. दोष शोधायची पद्धत.

विहिरीवरची मोटर चालू होत नसेल तर आपण लगेच मोटर वर काढत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल उंदरानं कुरतडली का. सगळं ठीक असेल तेव्हाच मोटरीला हात घालतो. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड शेवटी.

‘नेट चालत नाही’ या तक्रारीचंही असंच. केबल बसलीय का, वायफाय चालू आहे का? मग कॉम्प्युटरला आयपी पत्ता कोणता मिळालाय ते बघायचं. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर बहुतेक राउटरकडून पत्ता आलेलाच नाही, कॉम्प्युटरनं स्वतःच लावून घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर ‘पिंग’ कमांडनं राउटरला हाक मारायची. राउटर उत्तर देतो? मग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला हाक. तिथूनही उत्तर येतंय, पण वेबसाइट नावानं उघडत नाही, म्हणजे घोळ डीएनएसमध्ये, जे नावावरून पत्ता शोधून देतं. पाच मिनिटांत कळतं की दोष घरात आहे, राउटरमध्ये आहे की कंपनीच्या लाइनीत.

ए प्लसमध्ये हीच पद्धत सहा पायऱ्यांत शिकवतात : तक्रार नीट समजून घ्या, कारणाचा अंदाज बांधा, अंदाज तपासा, उपाय ठरवून करा, सगळं चालतंय का बघा, आणि काय केलं ते लिहून ठेवा. शेवटची पायरी आपल्याकडे कुणी करत नाही. आजपासून एक वही करा. गावातल्या आपले सरकार केंद्रातला प्रिंटर, शाळेची लॅब, शेजाऱ्याचा लॅपटॉप, जे दुरुस्त कराल ते तारखेसह लिहा : तक्रार काय, काय तपासलं, काय निघालं. मुलाखतीत ‘अनुभव काय?’ विचारलं की ही वही बोलते. माझ्या मते चाळीस नोंदींची वही क्लासच्या रंगीत सर्टिफिकेटपेक्षा भारी.

रोज दोन तास दिले तर ए प्लसची तयारी चार-सहा महिन्यांत होते. सराव परीक्षेत सातत्यानं चांगले गुण पडायला लागले की मगच फी भरा. नापास झालात तर परत पूर्ण फी, सवलत नाही. ‘आलेले प्रश्न’ म्हणून टेलिग्रामवर पीडीएफ विकतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं. नेटवर्किंगची गोडी लागली तर पुढं सिस्कोचं सीसीएनए आहे. ते अवघड, पण पेपर एकच.

कॉल आला तर

नोकरीसाठी कुणी पैसे मागत असेल, मग ते ‘लॅपटॉपचं डिपॉझिट’ असो की ‘ट्रेनिंग चार्ज’, तर फोन ठेवा. दुसरा धोका याहून मोठा आहे. टेक सपोर्टच्या नावाखाली परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ म्हणून लुटणारी बोगस कॉल सेंटर आपल्या देशात पकडली गेली आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडवर छापा घातला, तिथं अमेरिकेच्या करखात्याचं नाव सांगून फसवणूक चालली होती. फोनवर बोलणारी बरीचशी साधी पोरंच होती. ऑफर लेटर नाही, पगार रोख, काम रात्रीचं आणि फोनवर खोटं नाव सांगायचं, असं असेल तर निघा.

परदेशातली ऑफर असेल तर आणखी जपून. थायलंडमध्ये नोकरी सांगून आयटीतल्या पोरांना म्यानमारला नेतात, असा इशारा परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच दिलाय. एजंट नोंदणीकृत आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

पेपर पिअर्सन व्ह्यूच्या सेंटरवर जाऊन देता येतो किंवा घरूनही. घरून देताना खोलीत एकटं असावं लागतं, कॅमेरा चालू ठेवावा लागतो आणि नेट तुटून चालत नाही. आपल्याकडच्या लाइटचा भरवसा बघता सेंटरच बरं, भाडं गेलं तरी चालेल. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच अक्षरन्‌अक्षर टाका. एकावर वडिलांचं नाव मधे आणि दुसऱ्यावर नाही, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी असतो. तो आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर दारातूनच परत पाठवतात.