विश्लेषण : टीव्हीवरील स्पर्धेत हौशी दिग्दर्शकाच्या लघुपटाला गुण कसे मिळतात?

उस्मानपुऱ्यातील संत एकनाथ रंगमंदिरात किंवा शहरातील कुठल्याही नाट्यगृहात स्पर्धेचे नाटक पाहिलेल्याला परीक्षक ओळखू येतो. समोर कागद, हातात पेन आणि चेहऱ्यावर काहीही नाही. पडदा पडला की तो उठून जातो. त्याचे मत कळते ते थेट निकालाच्या दिवशी.

टीव्हीवरील लघुपट स्पर्धेत हे सगळे उलटे होते. चित्रपट संपताच दिवे लागतात, दिग्दर्शक समोर उभा असतो आणि परीक्षकाला तिथल्या तिथे बोलावे लागते. चित्रपट महोत्सवाचे ज्युरी बंद खोलीत वाद घालतात, गरज वाटली तर चित्रपट पुन्हा पाहतात. इथे चित्रपट एकदाच पाहायचा आणि मत कॅमेऱ्यासमोर द्यायचे. शिवाय ते मत हाच कार्यक्रमाचा अर्धा मालमसाला असतो. परीक्षक पाच मिनिटे बोलला, तरी संकलनानंतर उरतात दोन वाक्ये. ती बहुधा सर्वांत बोचरी असतात. हातखर्चाचे पैसे साठवून, मित्रांना गोळा करून लघुपट करणाऱ्या विशीतल्या मुलाच्या घरी, गल्लीत आणि कॉलेजात तीच दोन वाक्ये पोहोचतात.

परीक्षक नेमके काय पाहतात?

कथा, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, अभिनय असे रकाने बहुतेक गुणपत्रिकांवर असतात. मात्र हौशी लघुपट बहुतेकदा दोनच जागी अडखळतात. एक म्हणजे आवाज. हललेली चौकट माफ होते. मोबाइलच्या माइकवर पंखा आणि हॉर्न यांच्याखाली दबलेला संवाद माफ होत नाही, कारण प्रेक्षकाला गोष्टच कळत नाही. दुसरी जागा शेवटाची. थोडक्या मिनिटांच्या मर्यादेत धक्का द्यायचा म्हणून ‘ते सगळे स्वप्न होते’ किंवा ‘ती केव्हाच वारली होती’ असे शेवट येतात, नाहीतर काळ्या पडद्यावर सामाजिक संदेशाची पाटी. परीक्षक हे शेवट शेकड्याने पाहून बसलेले असतात. वीस वर्षांच्या मित्राला पांढरी पावडर लावून आजोबा करणे हाही असाच एक जुना आजार.

चांगला परीक्षक ‘मजा आली नाही’ असे म्हणून थांबत नाही. आई दारात उभी असताना कॅमेरा मुलाकडे का वळवला, असे तो विचारतो. या प्रश्नाचा दिग्दर्शकाला पुढच्या चित्रपटात उपयोग होतो. शेऱ्याची लायकी मोजायला एवढी एक कसोटी पुरे.

सरासरीचा घोळ काय?

समजा, तीन परीक्षकांनी एका लघुपटाला ९, ४ आणि ८ गुण दिले. बेरीज २१. दुसऱ्याला ७, ७ आणि ८ मिळाले. बेरीज २२. दुसरा जिंकला. पहिल्याने दोघांना हलवून सोडले आणि एकाला चिडवले. दुसरा कोणालाच खटकला नाही. सरासरीचे गणित असे गुळगुळीत चित्रपटाच्या बाजूने झुकते. बंद खोलीत ९ देणारा परीक्षक ४ देणाऱ्याशी भांडू शकतो. टीव्हीवर त्याला तेवढा वेळच नसतो. त्यात प्रेक्षकांची मते आली की ज्याचे नातेवाईक आणि कॉलेज मोठे, त्याचे पारडे जड.

अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत २००७ मध्ये फॉक्स वाहिनीवर ‘ऑन द लॉट’ ही स्पर्धा झाली. निर्मात्यांत खुद्द स्टीव्हन स्पीलबर्ग. प्रवेशिका सुमारे १२ हजार, परीक्षकांत कॅरी फिशर आणि गॅरी मार्शल, बक्षीस ड्रीमवर्क्सबरोबर १० लाख डॉलरचा करार. विल बिगॅम जिंकला. कार्यक्रम एकाच पर्वात आटोपला आणि विजेत्याचे नाव आज फारसे कोणाच्या ओठावर नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, चेन्नईच्या कलैग्नर टीव्हीवर ‘नाळैय इयक्कुनर’ सुरू झाले. अर्थ ‘उद्याचा दिग्दर्शक’. सुरुवातीच्या परीक्षकांत व्यंगचित्रकार मदन आणि अभिनेते-दिग्दर्शक प्रताप पोथन होते. इथून कार्तिक सुब्बराज (‘पिझ्झा’, २०१२), नलन कुमारस्वामी (‘सूदु कव्वुम’, २०१३) आणि बालाजी मोहन पुढे आले. फोटो काढला की माणूस मरतो असे मानणाऱ्या गावाचा लघुपट ‘मुंडासुपट्टी’ आणि म्हातारा जमीनदार व त्याच्या पद्मिनी मोटारीची गोष्ट यांचे २०१४ मध्ये पूर्ण लांबीचे चित्रपट झाले. कार्तिकच्या लघुपटांत विजय सेतुपती नावाचा, तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला नट काम करत होता.

फरक बक्षिसाच्या रकमेत नव्हता. चेन्नईत स्पर्धकांना एकामागून एक लघुपट करावे लागले, शेरे ऐकून लगेच पुढचा. नट आणि तंत्रज्ञांचे गट जमले आणि ते टिकले. शिवाय चित्रपट उद्योग त्याच शहरात होता. त्यामुळे कोणाचा कितवा क्रमांक आला, याला पुढे फारशी किंमत उरली नाही.

परीक्षक ‘कोणीच नाही’ म्हणू शकतो का?

मराठी रंगभूमीवर म्हणू शकतो. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासकच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ मध्ये एकही एकांकिका त्या तोडीची नाही, असे ठरवून परीक्षकांनी करंडकच दिला नाही. मोठे वादळ उठले. टीव्हीवर हा अधिकार जवळपास नाहीच. अंतिम भागाची वेळ ठरलेली, जाहिराती विकलेल्या, त्यामुळे विजेता निघालाच पाहिजे. गंमत म्हणजे मुलाखतींत ‘दर्जा घसरला’ म्हणणारे परीक्षकही तिथे कोणाला तरी हार घालतात.

मराठवाड्यातील मुलांनी काय पाहावे?

आधी प्रवेशिकेच्या अटी. लघुपटाचे आणि मुख्य म्हणजे गोष्टीचे हक्क वाहिनीकडे कायमचे जातात का, हे तिथे लिहिलेले असते. हक्क गेले, तर त्याच गोष्टीवर उद्या मोठा चित्रपट करायला परवानगी मागावी लागेल. गाजलेले गाणे पार्श्वभूमीला लावले असेल, तर विनापरवाना ते प्रसारित होत नाही. चित्रपट बाद होतो किंवा गाणे काढून मुका दाखवला जातो.

टीव्ही हा एकच रस्ता नाही, हेही खरे. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात शिकताना नागराज मंजुळे यांनी केलेला ‘पिस्तुल्या’ सुमारे पंधरा मिनिटांचा होता. टीव्ही स्पर्धांच्या वेळमर्यादेत तो बहुधा बसला नसता. ५८व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला पदार्पणातील सर्वोत्कृष्ट लघुपटाचा मान मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे.