देवाशी भांडण्याची मुभा
ओळख ख्रिस्ती मनाची : लेखांक नववा

गेल्या पावसाळ्यात नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका गावी भेटीला गेले होते. घरातला २३ वर्षांचा मुलगा कंपनीतून रात्रपाळी करून परतताना ट्रकखाली सापडला होता. मातीला चार दिवस झाले होते. अंगणात ताडपत्री बांधलेली, दाराशी चपलांचा ढीग, आत भिंतीवर येशूचं जुनं चित्र आणि त्याखाली कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला मुलाचा फोटो. आई भिंतीला पाठ टेकून बसली होती. येणारा प्रत्येक जण तिला काहीतरी सांगून जात होता. देवाला चांगली माणसं लवकर लागतात. देव आपल्या लेकरांची परीक्षा पाहतो. त्याची योजना आपल्याला कळत नाही, धीर धर. ती सगळ्यांपुढे मान हलवत होती आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

दुपारी शेजारच्या गावातून एक बायबलबाई आल्या. हा मिशनच्या काळापासूनचा शब्द. घरोघर जाऊन वचन वाचणारी, आजाऱ्यापाशी, बाळंतिणीपाशी बसून प्रार्थना करणारी मंडळीतली बाई. या सत्तरीच्या असतील. त्या सरळ आईशेजारी जमिनीवर बसल्या, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. चहा आला, कपातच गार झाला. अर्ध्या-पाऊण तासानं त्यांनी पिशवीतून बायबल काढलं आणि ८८ वं स्तोत्र संथपणे वाचलं.

हे स्तोत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्यात एक माणूस रात्रंदिवस देवाला हाका मारतोय. तू मला खोल खड्ड्यात टाकलंस, माझी माणसं माझ्यापासून तोडलीस, आणि वर तोंडही फिरवलंस, अशी फिर्याद तो देवाच्याच तोंडावर करतो. आपल्याला वाटतं, आता शेवटी काहीतरी दिलासा येईल. येत नाही. स्तोत्र अंधारातच संपतं.

बाईंनी पुस्तक मिटलं. आईनं चार दिवसांत पहिल्यांदा मान वर केली.

"मावशी, हे बायबलात हाय?"

"हाय ना बाळा. म्हणून तर वाचलं."

त्यानंतर ती रडली. घर हादरेल अशी रडली.

या लेखमालेत आजवर आपण सण पाहिले, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन पाहिलं, उपासनेतली भजनं पाहिली. हे सगळं वाचून झाल्यावर मनात उरणारा प्रश्न मात्र एकच असतो. घरावर संकट कोसळतं तेव्हा ख्रिस्ती माणूस त्याच्याकडे कोणत्या नजरेनं पाहतो? विश्वासू माणूस दुःख गिळून हसतमुख राहतो, असा समज बाहेरच्यांचा आहे, आणि खरं सांगायचं तर आतल्यांचाही. त्या समजानं कित्येक घरांत माणसांना मोकळं रडूही दिलेलं नाही. ख्रिस्ती श्रद्धेची खरी नजर मला बायबलबाईंच्या त्या 'हाय ना'मध्ये दिसते.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतला जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. म्हणजे यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या या प्रार्थनेच्या पुस्तकात तक्रारीला दिलेली जागा थोडीथोडकी नाही. या स्तोत्रांना एक चाल असते. आधी देवाला हाक, मग गाऱ्हाणं, मग मागणं. बहुतेकदा शेवटाकडे कुठेतरी सूर वळतो आणि माणूस म्हणतो, तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. ८८ व्या स्तोत्रात ते वळण नाही. संकलन करणाऱ्यांना ते गाळता आलं असतं, शेवटी दोन आशेच्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी ते जसंच्या तसं ठेवलं. ज्याच्या आयुष्यात वळण अजून आलेलं नाही, त्यालाही प्रार्थनेसाठी शब्द हवेत, हे त्यांनी ओळखलं असावं असं मला वाटतं.

विलापगीत नावाचं एक पूर्ण पुस्तकच बायबलमध्ये आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, लोकांना बंदिवान करून नेलं. त्या राखेत बसून ही पाच गीतं रचली गेली. पहिली चार गीतं हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं बांधलेली आहेत. हिब्रूत अक्षरं २२, म्हणून कडवी २२. तिसऱ्या गीतात प्रत्येक अक्षराला तीन ओळी. आपल्याकडे कुणी अ पासून ज्ञ पर्यंत एकेका अक्षरावर आक्रोश लिहावा, तसं. मला या रचनेचं फार वाटतं. शहर गेलं, मंदिर गेलं, भाकरी गेली, लेकरं उपाशी मेली. हातात उरली ती मुळाक्षरं. त्यांना धरून तो कवी एकेक पाऊल टाकत दुःखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, मधलं एकही अक्षर त्यानं चुकवलं नाही.

आणि ईयोब. त्याची गुरं गेली, दहा लेकरं एका दिवसात गेली, अंगभर फोड आले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटीला आले. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर गप्प बसले. एवढं एक काम त्यांनी नीट केलं. आठव्या दिवसापासून ते समजावू लागले आणि सगळं बिघडलं. तू काहीतरी पाप केलं असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, कबूल कर म्हणजे सुटशील. ईयोब हटला नाही. त्यानं देवालाच जाब विचारला, तोही सौम्य भाषेत नव्हे. पुस्तकाच्या अखेरीस देव बोलतो, ईयोबाला त्याच्या अज्ञानाची जाणीवही करून देतो. तो का भोगतोय याचा खुलासा मात्र कुठेच नाही. पण देवाचा राग होतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या त्या तीन मित्रांवर. भांडणारा ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला, असं देव ठरवतो, आणि मित्रांसाठी प्रार्थना करायचं कामही त्यालाच सोपवतो.

हे इतकं स्पष्ट लिहिलेलं असूनही आमच्या मंडळ्यांमध्ये अलीफजाचे वंशज पुष्कळ. माझी आई कर्करोगानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा प्रार्थनेला आलेल्या एका प्रचारकानं तिच्या उशाशी उभं राहून सांगितलं, विश्वास कमी पडतोय म्हणून गुण येत नाही. आई त्यानंतर दोन महिने जगली. त्या दोन महिन्यांत ती स्वतःचा विश्वास चाचपत राहिली, दुखण्याहून जास्त त्यानं कष्टी झाली. मला त्या माणसाशी आज भांडायचं नाही. पण त्याच्या बोलण्याला शुभवर्तमानात आधार नाही, हे सांगितलंच पाहिजे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज अंगावर कोसळून १८ माणसं मेल्याचा विषय निघतो. ते इतरांहून जास्त पापी होते असं समजू नका, असं तो बजावतो. आणि प्रेषित पौल, ज्यानं अर्ध्या रोमी जगात मंडळ्या उभ्या केल्या, तो आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवण्या करतो. काटा निघत नाही. पौलाचा विश्वास कमी होता, असं कुणी म्हणायला धजेल का?

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरचे येशूचे सात उद्गार, त्यांवर सात जण बोलतात. बाहेर ऊन मी म्हणत असतं, आत पंखे गरगरत असतात, लहान मुलं कंटाळून आयांच्या मांडीवर झोपतात. चौथ्या उद्गाराशी आलं की सभा वेगळीच शांत होते. देवा, मला का टाकलंस, असं येशू विचारतो तो हा उद्गार. हा प्रश्न मुळात २२ व्या स्तोत्राचा आरंभ आहे. म्हणजे मरताना येशूच्या ओठांवर आलं तेही एक विलापस्तोत्रच. मार्कनं ग्रीकमध्ये शुभवर्तमान लिहिताना ही हाक येशूच्या स्वतःच्या अरामी बोलीत राखून ठेवली आणि पुढे अर्थ दिला. मित्र लाजराच्या कबरीपाशी येशू रडला, तेही थोड्या वेळानं त्याला उठवणार हे ठाऊक असताना. आणि पुनरुत्थानानंतर शिष्य थोमाला त्यानं दाखवल्या त्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. मरण जिंकलं गेलं, जखमा पुसल्या गेल्या नाहीत. ख्रिस्ती आशा म्हणतात ती हीच, निदान मला समजली ती. सगळं ठीक होईल असा अंदाज बांधणं वेगळं. इथे ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याच्याच अंगावर वळ आहेत.

अशी नजर आयुष्यात उतरली की काय घडतं, हे पाहायला दूर जायला नको. पुण्याहून दौंडच्या रेल्वेनं केडगावला उतरावं.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडणारे. १८७४ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हे कुटुंब अन्नाला महाग झालं आणि काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण तिघंही गेली. आई रायचूरला गेली. खांदा द्यायला माणसं मिळेनात. अखेर दोन ब्राह्मण तयार झाले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची कमी पडली म्हणून तिनं तिरडीचं टोक डोक्यावर घेतलं. स्मशान कोसभराहून दूर होतं. पुढे १८८० मध्ये तो भाऊही गेला, आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी. मांडीवर लेक मनोरमा उरली.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्या दुःखानं खचून तिकडे वळल्या असं समजणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्या वाचत, वाद घालत, शंका काढत गेल्या आणि बाप्तिस्म्यानंतरही तिथल्या धर्मगुरूंशी आणि जोगिणींशी पत्रांतून भांडत राहिल्या. मनात न पटलेलं सिद्धान्त म्हणून स्वीकारायचं नाही, हा त्यांचा बाणा शेवटपर्यंत होता.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तिकडे गेल्या. तिथे त्यांनी पाहिलं ते त्यांनी आधी पाहिलेलं होतं. हाडांचे सापळे झालेल्या मुली, झाडपाला खाणारी माणसं, ओसाड रस्त्यावरची प्रेतं. बावीस वर्षांपूर्वीची भूक त्यांच्या अंगात होती, तिला आता काम मिळालं. सुमारे तीनशे मुली आणि बाया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून केडगावच्या माळावरच्या आपल्या शेतावर त्यांना ठेवलं. तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे राहणाऱ्यांची संख्या दीड हजारांवर गेली. विहिरी खणल्या, शेती, माग, छापखाना सुरू झाला, आंधळ्या बायांना वाचायला शिकवलं गेलं. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायांचे होणारे हाल पाहून त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. देवापुढे गाऱ्हाणं मांडायला शिकलेल्या बाईला गव्हर्नरापुढे मांडायला भीती वाटली नाही, असं मी त्या पत्राकडे पाहते.

दुष्काळ का पडतो, देव तो का पडू देतो, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं होतं, असं मला त्यांच्या आयुष्यात कुठे दिसत नाही. मुलींना अंघोळ घालणं, उवा काढणं, पेज पाजणं, अक्षर शिकवणं, हे दिसतं. आणि पहाटेची प्रार्थना.

अखेरची बरीच वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या अडाणी बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायाच करत. २४ जुलै १९२१ ला मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती सगळं सोपवायचं, तीच. रमाबाईंनी ते काम सोडलं नाही, शेवटपर्यंत मुद्रितं तपासत राहिल्या. नऊ महिने पुरे व्हायच्या आत, ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

नाताळच्या आधी त्या गावी पुन्हा गेले. ताडपत्री निघाली होती, ओट्याला नवा रंग दिला होता, कारण मुलाच्या बापाचं म्हणणं होतं की सणाला घर उदास दिसू नये. आई चर्चला जात नव्हती. बायबलबाई मात्र दर गुरुवारी येत होत्या. मी होते त्या दिवशीही आल्या. आईनं कोनाड्यातून बायबल काढून त्यांच्यापुढे ठेवलं. ८८ व्या स्तोत्रापाशी खूण म्हणून मुलाच्या ओळखपत्राची निळी फीत घातलेली होती.

"मावशी, असली अजून हायेत का?"

"लई हायेत," बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या. "तेराव्यापासनं धरू."