मोतीला मोतीबिंदू नव्हता

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात काहीही अडले, की "तू शिकतेस ना, मग सांग" असे मला म्हटले जाते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका प्रश्नाचे उत्तर मी दिले आणि ते चुकले. म्हणून हा लेख.

आमचे गाव इंदापूर तालुक्यात. कॉलेजसाठी मी रोज एस.टी.ने बारामतीला येते. आमच्याकडे मोती नावाचा पांढरा, केसाळ, लहान चणीचा कुत्रा आहे. बारामतीतल्या एका कुटुंबाची बदली झाली, तेव्हा त्यांनी तो अण्णांच्या हवाली केला. एके सकाळी त्याचा उजवा डोळा लाल दिसला. बुबुळावर निळसर धुके पसरले होते. तो भाकरीला तोंड लावीना. भिंतीला डोके टेकून बसून राही. आजी म्हणाली, "फूल पडलंय." शेजारी म्हणाले, "मोतीबिंदू असेल." अण्णा म्हणाले, "गाय असती तर डॉक्टर आणला असता. कुत्र्याला कोण आणतं?" मग मी शहाणपणा केला. माझे डोळे आले होते तेव्हाची उरलेली औषधाची बाटली काढली आणि तिचे थेंब त्याच्या डोळ्यात घातले. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अण्णाच म्हणाले, "चल, बघवत नाही." आणि आम्ही त्याला बारामतीला नेले.

डॉक्टरांनी डोळा बधिर करणारा थेंब घालून पेनासारखे एक यंत्र बुबुळाला टेकवले. डोळ्यातला दाब ५४ भरला. निरोगी कुत्र्यात तो साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा इतका असतो. "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे," ते म्हणाले.

हा फरक आपल्या भागातल्या माणसाला समजायला अवघड नाही. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आपल्या शेतात येते. पण निचऱ्याचा चर बुजला, तर तेच पाणी साठून जमीन खराब करते. डोळ्याचेही तसेच. डोळ्याच्या आत एक स्वच्छ पाणी सतत तयार होते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. ते बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरून जाते. ही जाळी तुंबली, की पाणी साठते, दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर दबून मरते. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पांढरे होते. शस्त्रक्रियेने पुष्कळदा पुन्हा दिसू लागते. काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.

माणसाचा काचबिंदू बहुधा हळूहळू, न दुखता वाढतो. कुत्र्याचा अनेकदा एकाएकी येतो, फार दुखतो आणि एक-दोन दिवसांत डोळा नेतो. कॉकर स्पॅनिएल, शिह त्झू, लहान पूडल अशा काही जातींत तो उपजत कलाने येतो. टेरियर जातींत भिंग जागचे निसटून पाण्याची वाट अडते. गोचिडांच्या तापाने डोळा आतून सुजला, तरीही निचरा तुंबू शकतो.

लक्षणे ध्यानात ठेवावीत : डोळा लाल होणे, बुबुळ धुरकट होणे, बाहुली मोठी होऊन उजेडातही न आकसणे, डोळा मिचकावणे, खाणे सोडणे. पुढे डोळा मोठा दिसू लागतो. यांतले काही दिसले, तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेळेवर गेल्यास शिरेतून औषध देऊन आणि थेंब घालून दाब उतरवता येतो. माणसाचे उरलेले थेंब कधीही घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असले आणि बुबुळावर जखम असली, तर ती चिघळते. गळ्यातल्या पट्ट्याला हिसके दिल्यानेही डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून अशा कुत्र्याला छातीवरून येणारा पट्टा बांधावा.

मोतीच्या उजव्या डोळ्याची नजर गेली होती, पण वेदना शिल्लक होत्या. डॉक्टरांनी तो डोळा काढण्याचा सल्ला दिला. मला ते क्रूर वाटले. अण्णांनी मात्र थोडा विचार करून होकार दिला. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच मोती अंगणात शेपूट हलवीत फिरू लागला. त्याला किती दुखत होते, ते आम्हाला तेव्हा कळले.

असा उपजत काचबिंदू एका डोळ्याला झाला, की दुसऱ्यालाही होण्याचा मोठा धोका असतो. उपचार न केल्यास पुष्कळदा वर्षभरातच होतो. आगाऊ थेंब चालू केले, तर तो लांबवता येतो. म्हणून मोतीच्या डाव्या डोळ्यात आम्ही सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो आणि ठरलेल्या दिवशी दाब मोजून आणतो. आज त्याला त्या डोळ्याने दिसते.

त्या चार दिवसांत मी "मला माहीत नाही, डॉक्टरांना विचारू" एवढे म्हटले असते, तर कदाचित तो डोळाही वाचला असता. शिकलेल्या माणसाला हे वाक्य म्हणता आले पाहिजे. आता सकाळी एस.टी. गाठायच्या घाईत मी असले, की गोठ्यातून अण्णांचा आवाज येतो, "थेंब घातले का गं?"