शेवटची कधी घेतली?

येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या आधाराने. तेव्हापासून व्यसनमुक्ती म्हटलं की आपल्याला समुपदेशन आठवतं, गटचर्चा आठवते. सिस्टर कुणाला आठवत नाही. पहिले तीन-चार दिवस मात्र सगळा भार तिच्यावर असतो.

दारूचा पेशंट आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटची कधी घेतली?"

"परवा."

मागे उभी असलेली बायको मान हलवते. सिस्टर कागदावर बायकोने सांगितलेली वेळ लिहिते.

रोजची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात कापू लागतात. झटके आलेच तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बरळू लागतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. यात जीवही जातो. म्हणून सिस्टर दर काही तासांनी म्हणते, "हात पुढे करा, बोटं पसरा." थरथर, घाम, मळमळ, अस्वस्थता, "आज वार कोणता?" अशा दहा गोष्टींचे गुण ती मांडते, कमाल बेरीज ६७. आकडा चढला की डॉक्टरांना फोन. पेशंट शांत झोपलाय की औषधाने गुंगलाय, हे मात्र कागद सांगत नाही. ते तिच्या नजरेलाच कळावं लागतं. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन गेलं का, हेही तीच बघते. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. मला तर ही नजर कुठल्याही यंत्रापेक्षा भरवशाची वाटली.

काळजी वाटते ती गावाकडची. कुणी माळ घालतो, कुणी देवाची शपथ घेतो आणि त्याच दिवशी बाटली फेकतो. निश्चय खरा असतो, पण तिसऱ्या रात्री तो बरळायला लागला की घरचे म्हणतात, "बाहेरचं झालं." मग दवाखान्याऐवजी देवऋषी गाठला जातो. कुणी पाय मोडून सरकारी दवाखान्यात भरती होतो आणि दारूचं लाजेपोटी सांगत नाही. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असला की तो पहिला प्रश्नही राहून जातो.

तेव्हा घरात कुणी रोज पिणारा असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करू नका. भरती करताना सिस्टरला खरी वेळ सांगा. सल्ल्यासाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.