खेळवावे की राखावे?

हिवाळ्यातल्या एका रात्री न्यू जर्सीहून माझ्या भाच्याचा टेलिफोन आला. “मामा, पास झाल्याची खात्री असेल, तर शेवटचा पेपर द्यावा की नाही?” मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, “द्यावा!” “आणि तो लिहिताना हात मोडण्याची भीती असेल तर?” मी गप्प झालो.

प्रश्न अर्थातच फुटबॉलचा होता. पण आपल्या ओळखीच्या फुटबॉलचा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन धावायचे, आणि धावणाऱ्याला समोरच्यांनी जमिनीवर लोळवायचे! तिथे ३२ संघ. २०२१ सालापासून प्रत्येकाचे १७ साखळी सामने; त्यांतून १४ संघ बाद फेरीत जातात. काहींची जागा शेवटच्या सामन्याआधीच पक्की होते. मग त्या सामन्यात बिनीचे खेळाडू उतरवावेत, की बाद फेरीसाठी राखून ठेवावेत? धरले तर चावते, सोडले तर पळते!

२००७ सालच्या न्यूयॉर्क जायंट्सचेच पाहा. त्यांची जागा पक्की होती; समोर पंधराही सामने जिंकलेला न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा संघ. तरी प्रशिक्षक टॉम कॉफलिन यांनी बिनीचे खेळाडू उतरवले. २९ डिसेंबरला जायंट्स ३८–३५ असे हरले, त्यांचे काही गडी जायबंदीही झाले. पण ३ फेब्रुवारी २००८ रोजी अंतिम सामन्यात त्याच पेट्रियट्सना त्यांनी १७–१४ असे हरवले.

म्हणजे खेळवावेच? थांबा. ३ जानेवारी २०१० रोजी पेट्रियट्सने ह्यूस्टनविरुद्ध आपल्या वेस वेल्करला खेळवले. त्या मोसमात सर्वांत जास्त झेल घेणारा हा गडी. सामना सुरू होतो न होतो तोच त्याचा गुडघा गेला. पुढच्याच रविवारी पेट्रियट्स ३३–१४ असे हरून घरी बसले.

मग राखावेत? इंडियानापोलिस कोल्ट्सनी तेच केले. २७ डिसेंबर २००९. चौदाही सामने जिंकलेले, आणि न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध १५–१० अशी आघाडी. तेवढ्यात पेटन मॅनिंगला बाहेर बसवले. सामना २९–१५ असा गेला. घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुढे कोल्ट्स अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण तिथे न्यू ऑर्लिन्सकडून ३१–१७ असे हरले.

निकालांवरून न्याय करू गेलो, तर असा गोंधळ होतो. पण मला अस्वस्थ करते ते निराळेच. कोल्ट्सकडून मिळालेला तो विजय धरून जेट्सचे नऊ विजय झाले आणि ते बाद फेरीत गेले. तेवढेच नऊ विजय मिळवलेले ह्यूस्टन आणि पिट्सबर्ग मात्र बाहेर राहिले. कोल्ट्सच्या लेखी जो सामना बिनमहत्त्वाचा, त्यावर तिसऱ्याच घरचे वर्षभराचे कष्ट टांगलेले होते!

म्हणून भाच्याला मी सांगितले, “दुखऱ्या गड्याला जरूर विश्रांती द्यावी. पण जो धडधाकट आहे, त्याला खेळवावे. आपले भागले, म्हणून सामना निरर्थक होत नाही.”

तो हसला. “बरोबर आहे मामा. पण गुडघा तुमचा नाही ना!”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे मत मात्र अजून तेच आहे; फक्त ते सांगताना आवाज जरा खाली येतो.