एंजिन गतीतील बिघाड, मोटारगाडीच्या
मोटारगाडीच्या एंजिनाची गती भुजादंडाच्या दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्यांत मोजतात. गाडी उभी व प्रवेगक मोकळा असताना एंजिन ज्या गतीने चालते, तिला निर्भार गती म्हणतात. चार सिलिंडरांच्या तापलेल्या पेट्रोल एंजिनात ती सामान्यतः ७०० ते ९०० फेरे असते. थंड एंजिन सुरू केल्यावर ती काही काळ १,२०० ते १,५०० फेऱ्यांपर्यंत जाते. हा बिघाड नव्हे. एंजिन तापल्यावरही गती चढी राहिल्यास किंवा सतत वरखाली होत असल्यास मात्र कारण शोधणे आवश्यक ठरते.

पेट्रोल एंजिनाची गती मुख्यत्वे आत येणाऱ्या हवेवर अवलंबून असते. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलच्या एका भागास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. इंधन अंतःक्षेपण पद्धतीत संवेदक हवा मोजतात व संगणक त्यानुसार इंधन सोडतो. थ्रॉटल झडपेच्या पुढील रबरी नळी तडकली किंवा गॅस्केट खराब झाले, तर बाहेरची हवा आत शोषली जाते. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या पद्धतीत ही हवा मोजली जात नाही. मिश्रण विरळ होते, संगणक दुरुस्ती करू पाहतो व गती हेलकावे घेते. नळीतील दाब मोजणाऱ्या पद्धतीत मात्र जादा हवेबरोबर इंधनही वाढते व गती चढीच राहते. झडपेवर साचलेला कार्बन, अडकलेली प्रवेगकाची तार, निर्भार गतीच्या नियंत्रक झडपेतील दोष किंवा एंजिन थंड असल्याचे चुकीने दर्शविणारा तापमान संवेदक, ही इतर कारणे होत. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटरची चोक झडप अडकल्यानेही असे घडते.

निदान करताना दोष थंड एंजिनात दिसतो की तापलेल्या, गाडी उभी असताना की चालताना, हे प्रथम पाहावे. चढावर एंजिनाची गती वाढूनही गाडीचा वेग वाढत नसेल, तर एंजिन निर्दोष असून क्लच घसरत असण्याचा संभव असतो. त्यानंतर नळ्या व जोड तपासून संगणकातील दोषसंकेत वाचावेत. संकेत केवळ दोषाचे क्षेत्र दर्शवितो. तेवढ्यावरून संवेदक बदलणे योग्य नव्हे. गळती शोधण्यासाठी तप्त एंजिनावर ज्वालाग्राही द्रव फवारल्यास आग लागू शकते. धूर सोडून केलेली चाचणी अधिक सुरक्षित असते. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असल्याने चालू एंजिनाची तपासणी बंदिस्त जागेत करू नये.

चालत्या गाडीत गती अकस्मात वाढल्यास क्लच दाबून किंवा गिअर काढून एंजिन चाकांपासून वेगळे करावे, ब्रेक दाबून ठेवावा व गाडी कडेला थांबल्यावरच एंजिन बंद करावे. डीझेल एंजिनात टर्बोभारकाच्या गळक्या सीलमधून वंगण तेल सिलिंडरांत शिरल्यास तेच इंधन म्हणून जळते. अशा वेळी किल्ली फिरवूनही एंजिन थांबत नाही. त्याचा हवापुरवठाच तोडावा लागतो. म्हणून तेलाची पातळी वारंवार घटणे व निष्कास नळीतून निळसर धूर येणे, या पूर्वसूचनांकडे दुर्लक्ष करू नये.